माळ्यावरची मराठी टाइपरायटर घरी सुरू करायची असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे की बाबा तहसीलसमोर अर्जनवीस होते, त्यांची मराठी रेमिंग्टन दहा-बारा वर्षं माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडली होती, आता खाली काढली तर बटण दाबलं की दांडी वर जाते अन् तिथंच राहते, बोटाने खाली पाडावी लागते, कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, तर सरकतच नाही. गावात मेकॅनिक नाही. गॅरेजवाला म्हणतो रातभर डिझेलात बुडवून ठेवा, भाच्याने गंज सोडवायचा स्प्रे मारला तर दोन दिवस बरी चालली अन् मंग पहिल्यापेक्षा घट्ट झाली. तर घरी जमेल काय, की भंगारात द्यावी?

भंगारात देऊ नका. तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मशिनी दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, अन् तुम्ही जे लिहिलं त्यावरून मला मशीन तुटलेली वाटत नाही, जाम वाटते. या दोन्हीत लय फरक आहे. तुटलेल्या मशीनला पार्ट लागतो, अन् पार्ट आता नवीन मिळत नाही, कारण रेमिंग्टनच काय, १९५५ साली पहिली देशी टाइपरायटर काढणाऱ्या गोदरेजनेही २००९ मध्ये बनवणं बंद केलं, ते बंद झाल्यावर नव्या सामानाची वाटच संपली. जाम मशीनला मात्र पार्ट नाही, फक्त धुणं लागते अन् वेळ लागतो. ते घरी होते.

आधी हे समजून घ्या की दांडी वर जाते पण खाली काहून येत नाही, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम तुम्हाला कोणी न सांगता कळेल. ज्या लांब दांडीच्या टोकाला अक्षर असते तिला टाइपबार म्हणतात. या सगळ्या दांड्या एका अर्धगोल लोखंडी तुकड्याच्या खाचांत बसलेल्या असतात, तो सेगमेंट. खाच अन् दांडी यांच्यात जागा अगदी बारीक असते, कागद जाईल न जाईल एवढी. वर जाताना तिच्यामागे तुमच्या बोटाचा जोर असतो. खाली येताना काय असते? तिचं स्वतःचं वजन अन् एक बारकी स्प्रिंग, बस. म्हणून खाचेत थोडासा जरी चिकटपणा असला तरी वर जाणं जमते, येणं जमत नाही. तुमच्या मशीनचं नेमकं हेच होऊन राहिलं.

तो चिकटपणा येतो कुठून? जुन्या तेलातून. तहसीलसमोर, कोर्टासमोर झाडाखाली बसून वर्षानुवर्षं चाललेली मशीन, वरून काळ्या मातीची धूळ, मोसमात जिनिंगकडून उडत येणारे कापसाचे बारीक तंतू, रबर खोडलं की त्याचा चुरा, अन् मशीन जड चालली की प्रत्येक जण तेलाचे दोन थेंब टाकणार. ते तेल धूळ धरते, वाळते, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात माळ्यावर तर अक्षरशः डिंक होते. आता यावर आणखी तेलकट काही टाकलं तर जुना डिंक तेवढ्यापुरता पातळ होते, दोन दिवस मशीन पळते, अन् स्प्रेतला उडणारा भाग उडून गेला की जुना डिंक अधिक नवीन तेल असा दुप्पट माल खाचेत उरते. भाच्याने वाईट केलं असं नाही, सगळेच हे करतात, पण पुन्हा तो स्प्रे सेगमेंटवर मारू नका. डिझेलचंही तेच, उलट डिझेल वाळतच नाही, तेलकट थर कायम राहते, रोलरचं रबर फुगते, पत्र्यावरची सोनेरी अक्षरं निघून जायची भीती, अन् वास महिनाभर घरात. बुडवणं तर कोणत्याच पातळ पदार्थात नको.

घरी किती जमेल हे मात्र मशीन कशी पडून होती त्यावर आहे. माळा कोरडा होता की पावसाळ्यात गळत होता? उंदराने आत घर केलं होतं काय, कारण उंदराचं मूत जिथं पडते तिथं लोखंड खोलवर खाल्लं जाते अन् बारक्या स्प्रिंगा पार जातात. अन् मशीन कधी पडली होती काय? पडलेल्या मशीनची चौकट जरा जरी वाकली असेल तर वरून कळत नाही, पण कॅरेज मधेच एका जागी अडते. कोरड्या माळ्यावरची, न पडलेली मशीन असेल तर मी म्हणेन की बरेच चान्स तुमच्या बाजूने आहेत.

पेचकस हातात घ्यायच्या आधी नुसतं पाहा. पोत्यातून काढलेल्या मशिनीत मला कुंभारीण माशीची मातीची घरं लय वेळा सापडली आहेत, कॅरेजच्या खाली, सेगमेंटच्या मागे, अन् माणूस समजते की काही तरी तुटलं. टॉर्च लावून खालून-मागून पाहा. दोन दांड्या एकमेकीत अडकल्या आहेत काय ते पाहा. कॅरेज मार्जिनला टेकलेली असेल तर बटणं अडतात, मार्जिन सोडायचं बटण दाबून पाहा. काही मशिनीत कॅरेज लॉक असते, प्रवासात हलू नये म्हणून, तो लागलेला असेल. अन् प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा, चारही बाजूंनी, विशेषतः स्प्रिंगा कुठं अडकवल्या आहेत त्याचे जवळून फोटो. स्क्रू जिथून काढला तिथंच त्या जागेवर परत लावून ठेवायचा, नाही तर अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने टाकायचा. पेचकस खाचेएवढ्या रुंदीचाच घ्या, बारीक पेचकसाने जोर लावला की स्क्रूची खाच गोल होते अन् मंग तो स्क्रू कोणाच्याच हाताने निघत नाही.

आता कॅरेज. ही वेगळी बिमारी आहे, दांड्यांशी तिचा संबंध नाही, म्हणून वेगळी तपासा. उजव्या किंवा डाव्या टोकाला कॅरेज मोकळी करायचा लिव्हर असते. एका हाताने कॅरेज घट्ट धरा, दुसऱ्या हाताने तो लिव्हर दाबा अन् कॅरेजला हळूच डावीकडे जाऊ द्या. सोडून देऊ नका, जोरात जाऊन आपटली की नुकसान होते. इथं तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

कॅरेज हाताने सहज इकडे-तिकडे होते पण तिला डावीकडे ओढच नाही, तर मागची पट्टी तुटली किंवा सुटली. बहुतेक मशिनीत मागे डाव्या बाजूला एक गोल डबा दिसते, त्यात मेन स्प्रिंग असते, अन् त्यातून निघालेली दोरी किंवा पट्टी कॅरेजच्या उजव्या टोकाला अडकवलेली असते. तीच कॅरेजला ओढते. ही तुटणं सगळ्यात कॉमन आहे, उंदीर कुरतडतात किंवा सुती पट्टी कुजते.

दुसरं, ओढ चांगली जाणवते पण बटण दाबलं किंवा स्पेसबार दाबला तरी कॅरेज एक घर पुढे जात नाही, तर मागचं दातेरी चक्र अन् त्याला अडवणारे दोन पंजे, म्हणजे एस्केपमेंट, ते घाणीने चिकटले. धुतल्याने सुटते.

तिसरं, स्पेसबारने सरकते पण अक्षराच्या बटणाने सरकत नाही. मंग चक्र ठीक आहे, दांड्या ज्या आडव्या पट्टीला ढकलतात ती पट्टी खाली अडकली, तिथं काडी, माती, कागदाचा तुकडा शोधा.

इथं मराठी मशीनची एक गोष्ट सांगणं जरूरी आहे, कारण इंग्रजी मशीनचे व्हिडिओ पाहून लोक इथंच गडबडतात. मराठी कीबोर्डवर अनुस्वार, मात्रा अशी काही बटणं मुद्दामच अशी बनवलेली असतात की ती उमटतात पण कॅरेज पुढे जात नाही, कारण ते चिन्ह अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी यायचं असते, त्याला वेगळं घर नको. ती बिघडलेली नाहीत. तपासणी करताना क, म, न, त अशी साधी अक्षरं दाबून पाहा, अन् अनुस्वाराचं बटण सरकवत नाही म्हणून आतमध्ये काही वाकवू नका. बाबांना विचारा, त्यांच्या बोटांना कोणतं बटण सरकते अन् कोणतं नाही हे पाठ असेल.

पट्टी तुटली असेल तर ते घरी होते, पण घाई नको. डबा खोलायचा नाही, आतली स्प्रिंग एकदा उसळली की हाताला लागते अन् परत बसत नाही. न ताणणारी, विणलेली नायलॉनची दोरी घ्या, साधी प्लास्टिकची ताणते. एक टोक डब्याला जुन्या पट्टीच्याच जागी बांधा अन् दोरी डब्यावर जुन्या पट्टीसारखीच गुंडाळा. मंग कॅरेज डावीकडे न्या, डबा त्या दिशेने फिरवा ज्या दिशेला स्प्रिंग विरोध करते, तीन-चार वेढे द्या, डबा अंगठ्याने दाबून धरा अन् दोरीचं दुसरं टोक कॅरेजला अडकवा. हे करायला दुसरा माणूस सोबत असलेला बरा. ताण बरोबर आहे की नाही हे ओळीच्या शेवटी कळते, कारण तिथं कॅरेज डब्याजवळ आलेली असते अन् स्प्रिंग सगळ्यात ढिली असते. ओळ संपायच्या आधीची अक्षरं एकमेकांवर चढत असतील तर अर्धा वेढा वाढवा, पुन्हा पाहा. ताण जास्त दिला तर चांगलं असं समजू नका, जास्त ताणाने चक्राचे दाते अन् पंजे झिजतात, कॅरेज उड्या मारते, मधेच जागा सोडते. काही मॉडेलला ताण कमी-जास्त करायचा स्क्रू मागेच दिलेला असते, तो असेल तर वेढ्यांचा खटाटोप कमी होते.

आता मुख्य काम, धुणं. सामान गावातच मिळते. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन, थिनर नाही, थिनर रंग उतरवते अन् प्लास्टिकची बटणं खराब करते. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए म्हणून पातळ अल्कोहोल असते, ते थोडं. अर्धा इंची रंगाचा ब्रश, जुने दोन-तीन टूथब्रश, भरपूर सुती फडकी, धोतराचा जुना कापड सगळ्यात चांगला कारण त्याचे तंतू सुटत नाहीत. पेट्रोलने पण काम होते अन् जुने मेकॅनिक पेट्रोलच वापरत, पण मी घरी करणाऱ्याला पेट्रोल सांगत नाही. उन्हाळ्यात बंद खोलीत पेट्रोलची वाफ साचते अन् शेजारच्या खोलीत चूल किंवा गॅस चालू असते. टर्पेंटाइनही पेट घेते, म्हणून अंगणात सावलीत बसा, बिडी-सिगरेटवाल्याला दूर ठेवा, अन् भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळी वाळत टाका.

पहिले कोरडी सफाई. रिबिन, म्हणजे शाईची फीत, काढून ठेवा. ब्रशने सगळी धूळ वरून खाली, बाहेरच्या दिशेने काढा. पंक्चरवाल्याकडची हवा मारायची असेल तर दुरून अन् हलक्या दाबाने, आधी जमिनीवर मारून पाहा पाणी येते काय, टाकीत पाणी साचलेलं असते अन् ते थेट मशीनमध्ये जाते. जोरात हवा मारली तर धूळ निघण्याऐवजी खाचेत आणखी खोल बसते, अन् बारक्या स्प्रिंगा उडतात.

मंग सेगमेंटच्या खाली अन् मागे फडकी कोंबून ठेवा, म्हणजे घाणेरडं पाणी मशीनच्या पोटात जाणार नाही. रोलरवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. टूथब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून, झटकून, सेगमेंटच्या खाचांत वरून खाली फिरवा. आता एक-एक बटण घ्या, हळूहळू दाबा, सोडा, दाबा, सोडा, दांडी येत नसेल तर बोटाने आणा, पण थांबू नका. खाचेच्या तोंडाशी काळसर-तपकिरी रस्सा वर येऊन राहिला असं दिसेल. तोच तो जुना तेलाचा डिंक. तो लगेच फडक्याने टिपा, नाही तर वाळून परत तिथंच बसेल. पुन्हा ब्रश, पुन्हा चालवा, पुन्हा टिपा. फडक्यावर काळं येणं बंद होईपर्यंत हेच करायचं. जुन्या मशीनला हे एका बैठकीत होत नाही, रात्री तशीच राहू द्या, भिजलेला डिंक रात्रीतून मऊ होते, सकाळी पुन्हा करा. शेवटचा हात आयपीएचा मारा, फक्त खाचांत, म्हणजे टर्पेंटाइनचा राहिलेला तेलकटपणा निघून जाते अन् खाच कोरडी होते. आयपीए रंगाला, सोनेरी नक्षीला अन् जुन्या बटणांच्या टोप्यांना लागू देऊ नका.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? प्रत्येक दांडी बोटाने अर्ध्यापर्यंत उचला अन् सोडा. ती आपल्या आपण, न अडखळता, टक्क करून खाली बसली पाहिजे. मधे रेंगाळली तर अजून घाण आहे. अन् सगळ्या दांड्या मोकळ्या झाल्या पण एक-दोनच अडतात, तर ती घाण नाही, दांडी वाकलेली आहे किंवा शेजारणीला घासते. अशा दांडीच्या बाजूला नीट पाहिलं तर घासल्याची चकचकीत रेघ दिसते. ती रेघ ज्या बाजूला आहे तिच्या उलट बाजूला, अगदी केसभर, दोन बोटांनी दाबायचं, पक्कड लावायची नाही. पक्कडीने दांडी पिळली जाते अन् मंग अक्षर तिरकं पडते.

याच पद्धतीने मागचं एस्केपमेंट, थेंब-थेंब टर्पेंटाइन, मऊ ब्रश, स्पेसबार चालवत राहायचं, टिपत राहायचं. तिथला एकही स्क्रू फिरवू नका. ते कारखान्यात बसवलेलं माप असते अन् हातून गेलं की परत आणायला सरावाचा माणूस लागते.

तेलाबद्दल मी कडक आहे. सेगमेंटमध्ये तेलाचा एक थेंबही नको. एस्केपमेंटच्या दात्यांत नको. रबराजवळ नको. तेल फक्त कॅरेज ज्या रुळांवर धावते तिथं, अन् तेही शिलाई मशीनचं पातळ तेल फडक्याला लावून ते फडकं रुळावरून फिरवायचं, वरून ओतायचं नाही. खोबरेल, गोडेतेल, इंजिन ऑइल बिलकूल नाही. खोबरेल आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत गोठते, अन् वर्षभराने त्याचा चिकट थर होते. इकडच्या धुळीत कोरडी मशीन तेलकट मशीनपेक्षा जास्त वर्षं चालते हे मी इन्स्टिट्यूटच्या मशिनींवर पाहिलं आहे. पोरं दिवसभर ठोकत, अन् ज्या मशीनला तेल कमी तीच मशीन कमी वेळा माझ्याकडे येत होती.

गंज असेल तर नुसता तपकिरी रंग चढला आहे की धातू खाल्ला गेला हे नखाने पाहा. वरवरचा असेल तर झिरो नंबरचा पॉलिश पेपर अन् थेंबभर तेल, हळू घासा, नंतर तो चुरा अन् तेल पूर्ण पुसून काढा. बारक्या स्प्रिंगा घासू नका, तुटतात. घरातली माणसं चिंच, लिंबू, व्हिनेगर सुचवतील, तांब्याच्या भांड्याला ते चालते, मशीनला नाही, कारण आंबट पाणी सांध्यांत शिरते, तिथून धुऊन काढता येत नाही अन् आठ दिवसांत जिथं गंज नव्हता तिथंही येते. वरचा पत्रा अन् रंग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, सोनेरी अक्षरांवर तर नुसतं ओलं फडकं.

अक्षरांचं तोंड साफ करणं हे काम मला स्वतःला सगळ्यात आवडते, कारण फरक लगेच कागदावर दिसते. ब, ष, क, फ, भ यांच्या पोटात रिबिनची शाई अन् तंतू भरून बसतात, छापल्यावर ब आणि व सारखेच दिसतात. अर्जात नाव असते, गट नंबर असते, तिथं ब चा व झाला की माणसाला चकरा माराव्या लागतात, तुमच्या बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. टूथब्रश जरासा आयपीएत ओला करून अक्षराच्या तोंडावर बाहेरच्या दिशेने मारा, पोटात घट्ट बसलेलं असेल तर बांबूची टोकदार काडी. सुई किंवा टाचणी नको, अक्षराच्या कडा ओरखडतात अन् मंग ते अक्षर जन्मभर तसंच छापते.

रिबिन अर्धा इंच रुंदीची लागते, म्हणजे साधारण १३ मिलिमीटर, मोठ्या स्टेशनरी दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. जुन्या चकत्या फेकू नका, नव्या रिबिनची चकती तुमच्या मशीनवर बसली नाही तर नुसती रिबिन जुन्या चकतीवर गुंडाळायची. रिबिनच्या दोन्ही टोकांना धातूचं छोटं कडं असते, ते असलंच पाहिजे, कारण ते येऊन अडलं की मशीन रिबिनची दिशा बदलते. कडं नसेल तर रिबिन एका टोकाला जाऊन थांबते, एकाच जागी मार खाऊन तिला भोक पडते. अन् नवी रिबिन लावूनही काही उमटत नसेल तर रंग बदलायचा छोटा लिव्हर पाहा. निळा, लाल अन् पांढरा अशा खुणा असतात, पांढऱ्यावर असेल तर रिबिन वर उचललीच जात नाही. ती सोय सायक्लोस्टाइलचं, म्हणजे प्रती काढायच्या जुन्या यंत्राचं, स्टेन्सिल कापायला होती, अक्षराने थेट मेणकागद फाडावा म्हणून. बाबांनी शेवटचं काम स्टेन्सिलचं केलं असेल तर लिव्हर अजून तिथंच असेल.

रोलर म्हणजे ज्यावर कागद गुंडाळतो तो. इतक्या वर्षांत त्याचं रबर दगडासारखं झालं असेल. त्याला नवं रबर चढवणं घरचं काम नाही. ओल्या फडक्याने पुसा, चकाकी आली असेल तर पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा, अन् टाइप करताना मूळ कागदामागे आणखी एक कागद लावा. आवाज कमी होते, कागदाला भोकं पडत नाहीत, अक्षर भरीव उमटते. रोलरची बरीच तक्रार यातच मिटते असं म्हणायला हरकत नाही.

सगळं चालायला लागलं की एक शेवटची तपासणी मराठी मशीनचीच. बहुतेक कीबोर्डवर ट, ठ, ड ही अक्षरं शिफ्टने येतात अन् न, म, व बिना शिफ्टने. म्हणून नट, मठ, वड असे शब्द एका ओळीत टाइप करा अन् वरची शिरोरेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहा. रेघ सरळ गेली तर मशीन बरोबर आहे. शिफ्टच्या अक्षराशी पायरी पडत असेल, म्हणजे ट ची रेघ न च्या रेघेपेक्षा वर किंवा खाली जात असेल, तर शिफ्टचा अडथळा सरकला आहे. इंग्रजी मशीनला एवढा फरक खपून जाते, कारण तिथं अक्षरं सुटी असतात, मराठीत रेघ तुटली की पूर्ण पान वाकडं दिसते. शिफ्टच्या दोन्ही बाजूंना खालून नटाने आवळलेले छोटे स्क्रू असतात, नट ढिला करून तो स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा, टाइप करून पाहायचं, मंग नट आवळायचा. आधी त्याच्या जागेची खूण पेन्सिलने करून ठेवा. अन् एकच अक्षर वर-खाली असेल, बाकी सगळी बरोबर, तर स्क्रूला हातच लावू नका. ते त्या एका दांडीचं किंवा तिच्यावरच्या सुटलेल्या अक्षराचं काम आहे, अक्षर डाग देऊन बसवावं लागते, ते सराव असलेल्यानेच करावं.

कुठं थांबायचं हेही सांगतो. मेन स्प्रिंग तुटलेली असेल, चक्राचे दाते झिजून गोल झाले असतील, चौकटीला तडा असेल, तर घरी जोर लावू नका. अशा वेळी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसरी भंगार मशीन शोधायची अन् तिचा पार्ट काढायचा, आम्ही सगळे असंच करतो. बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटकडे विचारा, परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्यापासून कितीतरी ठिकाणी मशिनी कोपऱ्यात थप्पी लावून पडल्या आहेत, मालक किलोच्या भावात देतात. रेमिंग्टनचा पार्ट गोदरेजला बसत नाही, फॅसिटचा तर कोणालाच नाही, म्हणून आधी मॉडेल पाहा. अन् मेकॅनिककडे न्यावी लागली तर एसटीत तशीच मांडीवर धरून नेऊ नका, कॅरेज बरोबर मधोमध आणा, दोरीने चौकटीला बांधा, खाली अन् बाजूला गोधडी लावा. मोकळी कॅरेज खड्ड्यात एका धक्क्याने आपटते अन् चांगलं असलेलं एस्केपमेंट तुटते.

नंतर ठेवताना पोत्यात ठेवू नका, पोतं ओल धरते अन् त्याचे तंतू आत जातात. सुती चादर टाका, जमिनीवर नको, टेबलावर ठेवा, अन् कागद सैल करायचा लिव्हर उघडा ठेवा, म्हणजे खालच्या बारक्या रबरी रोलरांना एकाच जागी दाबून खड्डा पडणार नाही. आठवड्यातून एकदा बाबांना त्यावर एक पान टाइप करू द्या. चालती मशीन जाम होत नाही.

आता तुम्ही दोन गोष्टी पाहून सांगा. एक, कॅरेज मोकळी करायचा लिव्हर दाबल्यावर डावीकडे ओढ लागते की नाही. अन् दुसरं, मशीन मागून उजेडात धरून गोल डब्याचा अन् पट्टीचा फोटो टाका, मॉडेलचं नाव दिसेल असा. पट्टी तुटली असेल तर तुमच्या मॉडेलला दोरी कुठून कुठं न्यायची ते मी चित्र काढून दाखवतो. तोवर धुण्याचं काम सुरू करायला हरकत नाही.